विरजण

गुरुवारी दुपारी तळ्यावरून वारा सुटला
आणि चीक्टोवागा नाहीसं झालं.
आधी समोरचं घर गेलं, मग कोपऱ्यावरची पत्रपेटी,
मग आमची गाडी. तिच्या जागी
आता एक पांढरी म्हैस बसली आहे, रवंथ न करता.

रस्ते बंद, शाळा बंद. श्रीरंग क्लीव्हलंडच्या हॉटेलात,
खिडकीचे फोटो पाठवतोय : पांढरं, पांढरं, पुन्हा पांढरं.
इकडेही तेच आहे, म्हटलं, बॅटरी वाचव.

खरं सांगू? मला बरं वाटत होतं.
दाराच्या फटीला जुना टॉवेल कोंबलेला,
पाइप गोठू नये म्हणून नळ बारीक सोडलेला,
दोन जोड पायमोजे, वर त्याचा स्वेटर,
कुकरच्या तीन शिट्ट्या
आणि खिचडीवर तूप पाघळताना बघत बसायची चैन.
गावात म्हणे आणीबाणी होती.
माझ्या अंगात रविवार भरला होता.

संध्याकाळी दुधाला विरजण लावलं.
इथल्या हिवाळ्यात दही सुखासुखी लागत नाही;
पातेलं ओव्हनमध्ये ठेवायचं, आच नाही, नुसता दिवा लावून,
तान्ह्या बाळाच्या खोलीत ठेवतात तसा.

साडेआठला दार वाजलं.
शेजारचे पावलाक, वय एक्क्याऐंशी, भुवयांवर बर्फ,
हातात सॉसेजचं पाकीट.
(मी खात नाही. अकरा वर्षांत विषय निघाला नव्हता.)
त्यांचा हीटर बंद पडलेला, दुरुस्तीवाला सोमवारी.
"पाच मिनिटं बसतो," म्हणाले,
आणि बुटांतून इतकं पाणी निघालं
की मी आठवड्याची वर्तमानपत्रं अंथरली.

कुंपणावरून टोमॅटो दिले-घेतलेत आम्ही,
कचऱ्याच्या डब्यांवरून एकदा भांडलोही.
घरात ते पहिल्यांदाच आले.
भिंती पाहिल्या, फोटो पाहिले, मग ओव्हन :
"दिवा चालू आहे. आत काही शिजत नाहीये."
दूध झोपलंय, मी म्हटलं, सकाळपर्यंत उठवायचं नाही.
त्यांनी मान डोलावली
आणि आवाज खाली आणला.

साडेदहाला वीज गेली.
तेव्हा कळलं घरात किती जण गुणगुणत होते.
फ्रिज गप्प, हीटर गप्प,
आणि तो एवढासा पिवळा उजेड, तोही.
मी खण उपसत मेणबत्ती शोधतेय
तर अंधारातून पावलाक :
"त्या दुधाचं आता काय?"

त्यांची आई म्हणे भिजवलेली कणीक पिसांच्या रजईत ठेवायची,
पोरांच्या मधोमध, रात्रभर.
कुणाचा धक्का लागला तर सकाळी पावाआधी मार.
बोलता बोलता त्यांनी मफलर सोडला,
इरेनाने विणलेला, एका टोकाला टाके चुकलेला,
पातेल्याभोवती गुंडाळला, वरून कोट,
आणि ते बोचकं मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले,
ताठ,
एस्टीत अनोळखी बाईने मूल सोपवावं
आणि ती कुठल्या स्टॉपवर उतरणार ते सांगू नये, तसे.

मी त्यांच्या खांद्यावर दुलई टाकली.
काडीने गॅस पेटवून चहा केला, आलं जरा जास्तच पडलं.
तीनच्या सुमारास बर्फ ढकलणारा ट्रक गेला,
त्याचा नारिंगी दिवा छतावरून चालत गेला.
मी पाहिलं, ते जागेच.
कूस बदलावीशी वाटत होती, बदलली नाही.

सहा दहाला सगळी यंत्रं एकदम बोलायला लागली.
झाकण उघडलं :
कडेने लागलेलं, मधे अजून दूधच.
त्यांनी चमचाभर चाखलं, साखर मागितली, पुन्हा चाखलं.
अजून तीन-चार तास हवेत, मी म्हटलं.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, बर्फ काचेच्या निम्म्यावर.
"मग बसायलाच हवं,"
आणि पातेलं परत मांडीवर ओढलं.

ओव्हनचा दिवा पुन्हा लागला होता.
दोघांनाही दिसत होता.